सॅन होजेचा सोफा, राजेंद्रनगरची धूळ

नोव्हेंबर 2024. सकाळी सकाळी भाचीचा फोन. "मावशी, ते काळं प्लॅस्टिकचं उलथनं फेकून देऊ का?" सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं की काळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत आगीला प्रतिबंध करणारी विषारी रसायनं सापडली आहेत. मी म्हटलं, फेक हवं तर, लोखंडी उलथन्याने पोहे काही वाईट होत नाहीत. दुपारी येतेच आहे, तेव्हा बोलू.

दुपारी पोचले तोवर उलथनं कचऱ्यात गेलेलं होतं. तिचं दहा महिन्यांचं बाळ सोफ्याला धरून उभं राहायच्या खटपटीत होतं. त्याच्याशी खेळायला म्हणून मी खाली सतरंजीवर बसले, आणि बसले म्हणूनच दिसलं. सोफ्याच्या पोटाखालचं काळं अस्तर एका कोपऱ्यात फाटलं होतं आणि त्यातून रव्यासारखा पिवळट भुगा गळत होता. तो बाळाच्या ओल्या बोटांना चिकटला होता. बोटं लगेच तोंडात.

मी बाळाला उचलून भाचीकडे दिलं आणि सोफ्याची गादी उलटी केली. शिवणीत एक पांढरं लेबल होतं. इंग्रजीत लिहिलं होतं की हा माल कॅलिफोर्नियाच्या टेक्निकल बुलेटिन 117 मधल्या ज्वलनशीलतेच्या अटी पूर्ण करतो. बनवल्याचं वर्ष 2007.

घराची माहिती थोडक्यात. इंदूरच्या राजेंद्रनगरमधलं तळमजल्याचं घर, सासू-सासरे, भाची, जावई आणि बाळ. भाची आणि जावई कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला बरीच वर्षं राहून 2022 मध्ये इंदूरला परतले. येताना कंटेनरमधून सामान आणलं, त्यात हा सोफा. तिकडे कुणाच्या तरी गॅरेज सेलमध्ये घेतलेला, पण बसायला अगदी ऐसपैस. मी निवृत्त प्राध्यापिका, रसायनशास्त्र शिकवलं. या विषयावर संशोधन केलेलं नाही, पण वाचत आले आहे. भाचीच्या संमतीने हे प्रकरण लिहिते आहे, कारण परदेशातून परतलेली अशी घरं आपल्याकडे आता गल्लोगल्ली आहेत.

लेबल

हे टेक्निकल बुलेटिन 117 म्हणजे कॅलिफोर्नियाचा 1975 चा नियम. उघड्या फोमला छोट्या ज्योतीवर 12 सेकंद धरलं तर त्याने पेट घेता कामा नये, अशी त्याची मुख्य अट. साधा पॉलियुरेथेन फोम म्हणजे घट्ट केलेलं रॉकेलच, तो कसला तग धरतो! म्हणून कारखानदार त्यात ज्वालारोधक रसायनं मिसळू लागले, कधी कधी फोमच्या वजनाच्या शेकडा 5 पर्यंत. नियम एका राज्याचा, पण एकाच देशासाठी दोन प्रकारचे सोफे कोण बनवणार? त्यामुळे अख्ख्या अमेरिकेतलं फर्निचर त्या अटीवर बनत गेलं. तिथल्या 102 सोफ्यांचे नमुने तपासून 2012 साली निबंध प्रसिद्ध झाला, त्यात शेकडा 85 नमुन्यांत ही रसायनं निघाली. आदल्या वर्षी लहान मुलांच्या 101 वस्तू तपासल्या होत्या, त्यांतही शेकडा 80.

यातली ग्यानबाची मेख अशी की ही रसायनं फोमला रासायनिक बंधाने जोडलेली नसतात. कणकेत मीठ मिसळावं तशी नुसती मिसळलेली. फोम जुना होतो, दबतो, चुरतो, आणि ती हळूहळू हवेत आणि मग धुळीत येतात. धूळ जमिनीवर बसते. जमिनीवर कोण असतं? रांगणारं मूल. मोठ्या माणसाच्या पोटातही ती जातेच, हातावरून घासाबरोबर. पण मूल दिवसभर हात चाटतं आणि त्याचं वजन आठ-नऊ किलो. तीच चिमूट त्याला कितीतरी जड.

2004 च्या अखेरीपर्यंत अमेरिकी फोममध्ये मुख्यतः पेंटा-बीडीई नावाचं ब्रोमीनयुक्त मिश्रण असे. ते अंगातल्या चरबीत वर्षानुवर्षं मुक्काम करतं. स्वीडनमध्ये साठवून ठेवलेलं आईचं दूध तपासलं तेव्हा 1972 ते 1997 या काळात या वर्गाच्या रसायनांचं प्रमाण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलेलं दिसलं. थायरॉइडच्या संप्रेरकांत ढवळाढवळ आणि मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम, ही त्यामागची मुख्य काळजी. 2009 मध्ये स्टॉकहोम कराराने, म्हणजे निसर्गात सहजी न विघटणाऱ्या चिवट रसायनांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराने, त्यातले घटक बंदीच्या यादीत टाकले. भारतानेही मार्च 2018 च्या अधिसूचनेने अशा सात चिवट रसायनांवर बंदी घातली.

आमचा सोफा 2007 चा, म्हणजे त्या नंतरचा. तेव्हा भाचीला जरा हायसं वाटलं. मला तिचं समाधान मोडावं लागलं. पेंटा गेल्यावर त्याच्या जागी जी आली त्यांत आघाडीवर होतं क्लोरीनयुक्त ट्रिस. या ट्रिसची कथा ऐकण्यासारखी आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत मुलांच्या पायजम्यांत ब्रोमीनवालं ट्रिस वापरत. ते जनुकांना इजा करतं असं आर्लिन ब्लम आणि ब्रूस एम्स या शास्त्रज्ञांनी दाखवलं आणि 1977 मध्ये त्या पायजम्यांवर बंदी आली. मग त्याचा क्लोरीनवाला भाऊ पायजम्यात शिरला, त्याच्याही विरुद्ध पुरावा आल्यावर बाहेर पडला, आणि नंतर सोफ्यात जाऊन बसला. 2011 मध्ये कॅलिफोर्नियाने त्याला कर्करोगकारकांच्या यादीत घातलं. पायजम्यातून हाकललेलं रसायन मूल ज्यावर लोळतं त्या गादीत! आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला धरतात, इथे चोराला नुसती खोली बदलून दिली.

तारेची ज्योत

लेबल म्हणजे पुरावा नव्हे. ड्यूक विद्यापीठ काही वर्षं लोकांच्या फोमचे तुकडे फुकट तपासून देत असे, पण ते अमेरिकेत. इंदूरमधून एका सोफ्यासाठी यंत्रावरची तपासणी करून घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. मला आठवली ती बाइलस्टाइन चाचणी, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची.

तांब्याची तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायची, हिरवा रंग पूर्ण जाईपर्यंत. मग नमुन्याला टेकवून पुन्हा ज्योतीत धरायची. क्लोरीन किंवा ब्रोमीन असेल तर ज्योत हिरवी होते. मी माझ्या सुदामानगरच्या गच्चीवर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून केली. तुम्ही घरी करू नका, फोम जळताना निघणाऱ्या धुरात सायनाइडसुद्धा असतं. आणखी एक अडचण अशी की नायट्रोजन असलेले काही पदार्थ क्लोरीन नसतानाही ही ज्योत हिरवट करतात, आणि पॉलियुरेथेनमध्ये नायट्रोजन आहेच. म्हणून तुलनेला बाजारातून आणलेला साधा नवा फोम घेतला, जुन्या गादीतला कापूस घेतला आणि एक रेक्झिनचा तुकडा. कापूस: काही नाही. साधा फोम: कडेला क्षणभर हिरवट झाक, इतकंच. रेक्झिन: झगझगीत हिरवं, कारण ते पीव्हीसी, म्हणजे क्लोरीनवालं प्लॅस्टिक. सोफ्याचा फोम: रेक्झिनसारखाच हिरवा, तीन वेळा करून तीन वेळा.

त्यावरून कोणतं रसायन ते कळत नाही, किती ते तर मुळीच नाही. पण लेबल, साल आणि ज्योत, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होती. माझ्यापुरतं तेवढं पुरे होतं.

घरातले प्रश्न

भाचीचा पहिला प्रश्न दुधाचा. अंगावर पाजणं थांबवू का? अजिबात नाही. ज्या देशांत दुधात ही रसायनं सर्वांत जास्त सापडली तिथेही डॉक्टरांनी पाजत राहायलाच सांगितलं. स्वीडनचा तो चढता आलेखसुद्धा वापर कमी झाल्यावर खाली आला. दुसरा प्रश्न, बाळाचं रक्त तपासायचं का? मी नको म्हटलं. आकडा आला तरी त्यावर औषध नाही, सुई टोचल्याचं रडणं तेवढं पदरात. शिवाय क्लोरीनवालं ट्रिस शरीर काही दिवसांतच लघवीवाटे बाहेर टाकतं. म्हणजे येणं बंद केलं तर साठाही उतरतो. पेंटाच्या बाबतीत ही सवलत मिळत नाही.

व्याहीबुवांचा प्रश्न मात्र वाजवी होता. "अहो, पण आग लागू नये म्हणूनच घातलंय ना ते? देव्हाऱ्यात दिवा आहे, दिवाळीत पणत्या. तुम्ही संरक्षणच काढायला निघालात."

मी त्यांना परीक्षेतली खोच दाखवली. चाचणी उघड्या फोमवर छोट्या ज्योतीची. खऱ्या घरात आधी पेटतं ते वरचं कापड, आणि कापड पेटल्यावर जी ज्योत फोमपर्यंत पोचते ती मेणबत्तीची नसते. तिच्यापुढे फोम पेटतोच, वर धूर जास्त विषारी होतो. म्हणूनच कॅलिफोर्नियाने स्वतः 2013 मध्ये नियम बदलला: आता कापडाला धुमसत्या सिगारेटची चाचणी, जी रसायनांशिवाय पार करता येते. 2020 पासून तर तिथे नव्या सोफ्यांत ही रसायनं घालायलाच बंदी आहे. व्याहीबुवा गप्प झाले, पण पटलं ते दुसऱ्या दिवशी, जेव्हा त्यांनी स्वतः देव्हाऱ्याशेजारचा नायलॉनचा पडदा काढून टाकला. आगीची खरी जागा ती होती.

उलथन्याचंही सांगून टाकते. ज्या निबंधावरून तो गहजब झाला त्यात गुणाकार चुकला होता. सुरक्षित मर्यादा दर किलो वजनाला दिवसाला 7,000 नॅनोग्रॅम, माणूस 60 किलोचा, म्हणजे 4,20,000. त्यांनी लिहिले 42,000. भांड्यांतून पोटात जाणारा अंदाज 34,700 चा, तो मर्यादेच्या काठावर असल्यासारखा दिसला, प्रत्यक्षात दहाव्या हिश्श्याहूनही कमी. डिसेंबरात दुरुस्ती छापून आली. ती दुरुस्ती ग्रुपवर कुणी टाकली नाही, हे सांगायला नकोच. जुन्या टीव्हीच्या खोक्यांचं प्लॅस्टिक वितळवून काळी भांडी आणि खेळणी बनतात हे मात्र खरं आहे, त्यामुळे उलथनं गेल्याचं मला दुःख नाही.

काय काढलं, काय ठेवलं

माझी पहिली चूक: त्या दिवशी संध्याकाळी मी सोफ्यावर जाड चादर टाकायला सांगितली. तिचा काडीचा उपयोग नव्हता. भुगा खालून गळत होता, वरून नव्हे.

दोन दिवसांनी सोफा ओट्यावर काढला. बाळ माझ्याकडे. जावयाने एन-95 लावून आधी फाटक्या अस्तरावर ओलं फडकं दाबून धरलं आणि मगच सोफा उचलला. इथवर सगळं शिस्तीत. तेवढ्यात विहीणबाई आतून आल्या आणि रिकाम्या जागेतला दोन वर्षांचा थर बघून, सवयीने, केरसुणी फिरवली. उन्हाच्या तिरिपेत सगळी खोली पिवळी दिसली. त्यांचाही दोष नाही, आपल्याकडे सोफा हलवला की केर काढायचा हे हाताला शिकवलेलंच असतं. मग तास दीड तास दारं-खिडक्या उघड्या ठेवून बसणं आलं. धूळ खाली बसल्यावर दोनदा ओला पोछा, पोछ्याचं पाणी बाथरूमच्या नळाखाली न ओतता संडासात, आणि तिसऱ्या दिवशी पंख्याची पाती. पंख्याच्या पात्यांवर जे काळं लोण्यासारखं बसलेलं असतं ना, ती घरातली सर्वांत जुनी धूळ.

तेव्हापासून त्या घरात कोरडा केर काढणं दिवाणखान्यापुरतं बंद आहे. मालव्याची धूळ काही थांबत नाही, उन्हाळ्यात कूलर लागला की आणखी येते, म्हणून रोज एकदा ओलं पुसणं. हेपा फिल्टरचा व्हॅक्युम जावयाला घ्यायचाच होता, घेऊ दिला. पण माझ्या मते या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचा उपाय म्हणजे हात. बाळाचे हात प्रत्येक खाण्याआधी साबणाने, आणि भरवणाऱ्याचेही. न्यूयॉर्कमधल्या आयांवर एक छोटा अभ्यास झाला होता, त्यात आठवडाभर हात जास्त वेळा धुतले किंवा घर जास्त पुसलं एवढ्यानेच लघवीतलं या रसायनांचं प्रमाण उतरलं. आपल्या आज्यांनी बाहेरून आल्यावर हातपाय धुवायला लावलं ते काही ट्रिससाठी नव्हतं, पण चाललं.

दुसरी वस्तू आतल्या खोलीतला 21 इंची जुना टीव्ही, डबा टाइप. बंद पडून दहा वर्षं झाली, त्यावर मोगऱ्याच्या कुंडीची बशी. अशा टीव्हींच्या मागच्या खोक्यात डेका-बीडीई, म्हणजे पेंटाच्याच कुळातलं ज्वालारोधक, असणं ही त्या काळची सर्रास गोष्ट. आपल्याकडे ई-कचऱ्याच्या नियमांत नव्या उपकरणांसाठी या वर्गाची मर्यादा वजनाच्या 0.1 टक्का आहे, पण हा त्याआधीचा. 2003 च्या फायनलला आपण हरलो ते याच टीव्हीवर, म्हणून व्याहीबुवा तो सोडायला तयार नव्हते. भंगारवाला दीडशे रुपये देत होता. त्याला दिला असता तर त्याने काच फोडून तांबं काढलं असतं आणि खोकं वितळायला गेलं असतं, पुढच्या उलथन्यासाठी. अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे फुकट दिला.

नवे सोफे, नव्या गाद्या फेकायची गरज नव्हती. भारतात घरगुती सोफ्याला तसा ज्योतीचा नियम नाही, त्यामुळे इथल्या साध्या फोममध्ये ही रसायनं घालायला कुणाला कारण नसतं. एका वस्तूपाशी मी अडले: बाळाची नवी गादी. कडक, आतून रंगीबेरंगी ठिपक्यांची. ती रिबॉन्डेड फोमची, म्हणजे भंगारातल्या फोमचा चुरा चिकटवून दाबलेली. चुरा कुठला, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तिच्या जागी पिंजाऱ्याकडून कापसाची गादी भरून घेतली. उन्हात टाकता येते, दर दोन-तीन वर्षांनी पिंजता येते.

सोफा कुणाला द्यायचा

हे सर्वांत अवघड. घरी कामाला येणाऱ्या दीदींनी चार महिन्यांपूर्वीच सांगून ठेवलं होतं, "भाभी, ये कभी निकालो तो हमें देना." भाचीने हो म्हटलं होतं. त्यांच्या घरात दोन वर्षांचा नातू. सोफा ओट्यावर आला त्या सकाळी त्या हौसेने मुलाला आणि हातगाडीवाल्याला घेऊन आल्या.

भाचीने माझ्याकडे पाहिलं. तिचं म्हणणं, मी आता नाही कसं म्हणू, त्यांना वाटेल वहिनीची नियत फिरली. आणि माझं म्हणणं, तुझ्या बाळाला नको ते त्यांच्या नातवाला चालेल का? आम्ही दोघींनी दीदींना खाली बसवून तो भुगा दाखवला, बाळाची बोटं कशी तोंडात जायची ते सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण चेहऱ्यावर स्पष्ट होतं: मोठ्या घरची कारणं. मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या जागी असते तर मलाही असंच वाटलं असतं.

मार्ग सोफा दुरुस्त करणाऱ्या कारागिराने काढला, न कळत. त्याला बोलावलं होतं सोफा सोडवायला. सांगाडा पाहून म्हणाला, लाकूड पक्कं आहे. मग आम्ही कापड, फोम, अस्तर सगळं काढायला लावलं, सांगाडा ओल्या फडक्याने पुसून घेतला, त्यावर नव्या पट्ट्या आणि कापसाच्या गाद्या. सहा हजार चारशे रुपये झाले. तो सोफा दीदींकडे गेला, आधीपेक्षा सुबक दिसत होता.

पण कारागिराची नजर उरलेल्या फोमवर. जावयाला म्हणाला, "भिया, ये फोम तो एक नंबर का है। फेंक क्यों रहे हो? हम ले जाते हैं, तकियों में भर देंगे।" त्याच्या हिशोबाने तो बरोबरच होता. त्याला शंभराची नोट जास्त देऊन नाही म्हणावं लागलं, आणि आम्ही वेडे आहोत हे त्याने गृहीत धरलं.

आता दोन पोती फोम हातात. जाळायचा नाही, त्यातून डायॉक्सिनसारखी याहून वाईट रसायनं निघतात. इंदूरच्या कचरागाडीला ओला, सुका, प्लॅस्टिक, ई-कचरा, सॅनिटरी, घातक असे सहा कप्पे आहेत, याचा आम्हाला सगळ्यांना अभिमान. घातकच्या कप्प्याकडे पोतं नेलं तर गाडीवरचा मुलगा आत डोकावून म्हणाला, "ये तो फोम है, सूखे में डालो." सुक्यातून तो वेगळा होऊन विकला जाणार, चुरा होणार, आणि कुणाच्या तरी रंगीबेरंगी कडक गादीत बसणार. म्हणजे फिरून आपल्याच गावात.

तेवढ्यात जानेवारी 2025 उजाडला आणि भोपाळच्या युनियन कार्बाइडचा 337 टन कचरा कंटेनरांतून पीथमपूरला आला. घरापासून तीस किलोमीटरवर, शास्त्रशुद्ध भट्टीत जाळायला. रस्त्यावर निदर्शनं, पेपरची पहिली पानं भरलेली. व्याहीबुवा पेपर खाली ठेवून म्हणाले, "विहीणबाई, तुमची दोन पोती घेतील का हो तिथे?" त्यांनी थट्टा केली होती, पण अशा फोमची योग्य जागा खरोखर तसल्याच भट्टीत आहे, आणि एका घरची दोन पोती तिथवर नेणारी वाट नाही.

पोती जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी बांधून गच्चीवरच्या कोठीत ठेवली आहेत. व्याहीबुवांनीच त्यांवर मार्करने मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: जाळू नये, उशीत-गादीत भरू नये. खाली तारीख.